रेकॉर्डमध्ये काहीच नाही, मग ओपिनियन लिहायचं कसं? एमएसटीच्या सी अँड पी तपासणीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्सासमधली एक मराठी सायकॉलॉजिस्ट, जिने नुकतंच कॉन्ट्रॅक्टवर व्हीएच्या (अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या) अपंगत्व तपासण्या, म्हणजे भरपाई आणि पेन्शनसाठीच्या सी अँड पी तपासण्या, करायला सुरुवात केलीये, ती विचारतेय की ताई, एमएसटीच्या केसेस यायला लागल्यात, म्हणजे सैन्यात असताना लैंगिक अत्याचार किंवा छळ सोसलेले माजी सैनिक, आणि फाइलमध्ये त्या घटनेबद्दल एक ओळसुद्धा नसते, तक्रार नाही, साक्षीदार नाही, वीस-पंचवीस वर्षं उलटून गेलेली, मग मी कुठल्या आधारावर लिहू की हे झालं असावं? पुरुषांच्या केसमध्ये काही वेगळं बघायचं का? आणि एका क्लेमंटने (क्लेमंट म्हणजे भरपाईचा अर्ज करणारी व्यक्ती) बाई एक्झामिनर मागितली होती तरी पुरुषाकडे पाठवलं, हे चालतं का?

मी बरीच वर्षं याच कामात आहे, आधी ट्रीटमेंटच्या बाजूला, मग तपासण्यांच्या, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट, तुझ्या प्रश्नातच गडबड आहे. आपण ज्या वातावरणात वाढलो तिथे असलं काही ऐकलं की पहिला विचार येतो तक्रार केली होती का, एफआयआर कुठेय, आणि तोच चष्मा लावून आपण इथली फाइल वाचतो. पण इथे तुला कोणालाही दोषी ठरवायचं नाहीये. हे क्रिमिनल कोर्ट नाही. इथलं माप आहे 'असण्याची शक्यता किमान नसण्याइतकी', म्हणजे पारडं बरोबर मध्ये जरी थांबलं तरी फायदा माजी सैनिकाचा, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. आणि तू ज्याला 'काहीच नाही' म्हणतेयस ते बहुतेक वेळा खरं नसतं, फाइलमध्ये अत्याचार नसतो पण अत्याचारानंतरचं माणूस असतं. ते शोधायचं.

तक्रार का नसते हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं. पेंटॅगॉनच्या स्वतःच्या सर्व्हेनुसार २०२१ मध्ये जवळपास ३६ हजार सैनिकांवर नको असलेला लैंगिक संपर्क झाला, आणि तक्रार करणारे साधारण पाचात एक. २०२३ मध्ये आकडा २९ हजारांच्या आसपास आला, तक्रारीचं प्रमाण चारात एक. हे आत्ताचं, एवढी हॉटलाइन, एवढं ट्रेनिंग असताना. गुपचूप तक्रार नोंदवायची सोय, ज्याला रिस्ट्रिक्टेड रिपोर्ट म्हणतात, ती २००५ मध्ये आली. त्याच्या आधी तक्रार म्हणजे थेट कमांडरकडे जाणं, आणि कित्येकदा तो कमांडर आरोपीच्या रोजच्या उठण्याबसण्यातला. १९९० च्या दशकातल्या एअरमनने तक्रार केली नाही यात आश्चर्य वाटण्यासारखं काय आहे? केली असती तर आश्चर्य.

कायदा पण हेच म्हणतो. व्हीएचा जो नियम आहे, ३.३०४(एफ)(५), त्यात २००२ पासून स्पष्ट लिहिलंय की वैयक्तिक हल्ल्यातून आलेल्या पीटीएसडीसाठी (मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक आजार) सर्व्हिस रेकॉर्डच्या बाहेरचा पुरावा चालतो: पोलीस, रेप क्रायसिस सेंटर, हॉस्पिटल, प्रेग्नन्सी टेस्ट, गुप्तरोगाची टेस्ट, घरचे, रूममेट, सोबतचे सैनिक, चर्चचा पाद्री यांची स्टेटमेंट्स. आणि वागण्यातले बदल हाही पुरावा, म्हणजे बदलीचा अर्ज, कामाची घसरण, दारू-ड्रग्स, कारण नसताना डिप्रेशन किंवा पॅनिकचे झटके, पैशाच्या किंवा नात्यांच्या बाबतीत अचानक विचित्र वागणं. यांनाच सगळे 'मार्कर्स' म्हणतात. त्याच नियमात पुढे असंही आहे की व्हीए हा पुरावा तज्ज्ञाकडे पाठवून विचारू शकते की यावरून हल्ला झाल्याचं दिसतं का. तो तज्ज्ञ म्हणजे तू. २०११ च्या मेनेगासी केसमध्ये फेडरल सर्किटने (वरच्या अपील कोर्टाने) सांगितलं की तपासणाऱ्याचं असं ओपिनियन हे पाठबळाचा पुरावा म्हणून धरता येतं. २०१३ मध्ये एझी विरुद्ध शिन्सेकी, यात त्याच कोर्टाने सांगितलं की तक्रार नोंदवली नव्हती ही गोष्ट घटना झालीच नाही याचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही. हे दोन निकाल पाठ कर. तुझ्या रिपोर्टमध्ये 'सेवेतील नोंदींत अत्याचाराचा उल्लेख आढळत नाही, सबब पुष्टी होत नाही' असं वाक्य आलं तर तो रिपोर्ट अपिलात टिकणार नाही, पण तोवर त्या माणसाची दोन-तीन वर्षं गेलेली असतील.

आणि हे काही तात्त्विक नाही. व्हीएच्याच इन्स्पेक्टर जनरलने २०१८ मध्ये रिपोर्ट दिला, एप्रिल ते सप्टेंबर २०१७ या सहा महिन्यांत नाकारलेल्या सुमारे २७०० एमएसटी क्लेमपैकी अंदाजे १३०० नीट हाताळलेच गेले नव्हते. निम्मे! सगळ्यात मोठी चूक काय होती माहितीये, पुरावा पुरेसा असतानाही मेडिकल तपासणीच मागवली नाही. बाकी मग खासगी डॉक्टरांचे रेकॉर्ड न मागवणं, क्लेमंटला करायचा फोन न करणं, आणि आपल्याशी थेट संबंधित म्हणजे परस्परविरोधी किंवा अपुऱ्या मेडिकल ओपिनियनवर निर्णय देऊन मोकळं होणं. कारण काय तर आधी या केसेस ठराविक अनुभवी लोकांकडे जायच्या, नंतर देशभराची एकच रांग केली आणि ज्याच्या टेबलावर येईल तो बघेल असा कारभार झाला. २०२१ मध्ये पुन्हा तपासलं तर चुकीचं प्रमाण ५७ टक्के, म्हणजे सुधारणा राहिली बाजूला, वाढलंच. त्याच सुमारास क्लेम खास टीम्सकडे एकत्र केले, २०२१ च्या जानेवारीत सही झालेल्या कायद्यात अशा टीम्स बंधनकारकच झाल्या. आता आधीपेक्षा बरं आहे, पण रेटर, म्हणजे क्लेमवर निर्णय देणारा व्हीएचा माणूस, कितीही ट्रेन केला तरी तो तुझ्या ओपिनियनच्या पलीकडे जाऊ शकत नाही, कच्चा माल आपणच देतो.

आता फाइल कशी वाचायची. इथेच मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि माझं ठाम मत आहे की एमएसटी तपासणीचा सत्तर टक्के भाग माणूस खोलीत यायच्या आधी झालेला असतो. एक उदाहरण देते, दोन-तीन केसेस एकत्र करून, तपशील बदलून. एअर फोर्स, १९९० चं दशक, वय एकोणीस. क्लेममध्ये लिहिलंय की पहिल्या पोस्टिंगवर, हिवाळ्याच्या सुरुवातीला, शिफ्टच्या सुपरवायझरने डॉर्ममध्ये अत्याचार केला. तारीख आठवत नाही. नोंदींत शून्य. पण आता एक कोरा कागद घे आणि तारखांप्रमाणे उतरवत जा. वार्षिक परफॉर्मन्स रिपोर्ट, पाचपैकी पाच, शेरा 'ड्रीम एअरमन' टाइप. पुढच्या डिसेंबरात बेसच्या क्लिनिकची एक चिठ्ठी, गुप्तरोगाची टेस्ट हवी म्हणून आली, लक्षणं नाहीत म्हणते, कारण विचारलेलं नाही. बस एवढंच, दोन ओळी, घाईघाईतल्या अक्षरातल्या. जानेवारीत डॉर्मची खोली बदलून मागितलीये. फेब्रुवारीत डोकेदुखी, पोटदुखी, झोप नाही, तीनदा सिक कॉल (आजारी म्हणून डॉक्टरकडे), तपासण्या नॉर्मल. मार्चमध्ये ड्युटीवर उशिरा आली म्हणून लेटर ऑफ रेप्रिमंड (लेखी ताकीद). एप्रिलमध्ये रात्रपाळीतून काढा असा अर्ज, नामंजूर. पुढचा परफॉर्मन्स रिपोर्ट तीन. आणि वर्षभरात 'व्यक्तिमत्त्व दोष' असं निदान लावून सैन्यातून बाहेर.

एकेक कागद सुटा वाचला तर कशातच काही नाही. उशिरा तर सगळेच येतात, पोट पण सगळ्यांचंच दुखतं. पण एका रेषेत लावलं की डिसेंबरच्या आधीची मुलगी आणि नंतरची मुलगी या दोन वेगळ्या दिसतात, आणि मध्ये लक्षणं नसताना मागितलेली ती टेस्ट. मी असा कागद केल्याशिवाय मुलाखतीला बसतच नाही. रेटरला पण तोच कागद रिपोर्टमध्ये देते, तारीख, कागद कुठला, फाइलमध्ये कुठे सापडेल, म्हणजे त्याला हजार पानं उलटावी लागत नाहीत.

मार्कर म्हणजे फक्त घसरण असं समजू नकोस. उलट्या दिशेचा बदल पण बदलच असतो. अचानक रजा घ्यायला लागणं, अचानक रजाच न घेणं, तीन महिन्यांत वीस पाउंड वजन वाढणं (जाड झाले की कोणी बघणार नाही, असं मी कितीतरी जणींकडून ऐकलंय), ओळख होऊन महिना झाला नाही तोच लग्न, ठरलेलं लग्न मोडणं, चांगला ट्रेड सोडून भलत्याच ठिकाणी बदली मागणं, वरिष्ठांना उलट बोलणं. काही लोक तर कामात स्वतःला गाडून घेतात आणि त्यांचे रिपोर्ट सुधारतात, मग एक्झामिनर लिहितो 'कामगिरी उत्तम, सबब परिणाम नाही'. अगं, पण दिवसाला सोळा तास ड्युटी करून डॉर्मवर फक्त अंघोळीला जाणारी मुलगी, हे तुला नॉर्मल वाटतं?

त्या व्यक्तिमत्त्व दोषाच्या निदानाबद्दल वेगळं बोलायला हवं. व्हीएच्या नियमात व्यक्तिमत्त्व दोषाला भरपाई नाही, म्हणजे ते लेबल लागलं की दार बंद. आणि पूर्वी ते लेबल सर्रास लागायचं. रूथ मूर यांची गोष्ट इथे सगळ्यांना माहितीये, १९८७ मध्ये नौदलात असताना अझोर्स बेटांवर वरिष्ठाने बलात्कार केला, त्यांना व्यक्तिमत्त्व दोष ठरवून बाहेर काढलं, आणि हक्काची भरपाई मिळवायला २३ वर्षं भांडावं लागलं. २०१२ मध्ये त्यांनी अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष दिली, त्यांच्या नावाचं बिल हाऊसमध्ये पास झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. तर फाइलमध्ये असं जुनं निदान दिसलं की ते ब्रह्मवाक्य मानून पुढे जाऊ नकोस. निदान कोणी केलं, किती वेळात, टेस्टिंग केलं होतं का, भरतीच्या आधी शाळेत-घरी त्या दोषाची काही खूण होती का? एकोणिसाव्या वर्षापर्यंत शहाणी असलेली मुलगी तीन महिन्यांत व्यक्तिमत्त्वाने बिघडते होय? व्यक्तिमत्त्व असं बिघडत नसतं, हे आपल्याला पहिल्या वर्षाला शिकवलंय. हे रिपोर्टमध्ये लिहायचं, सौम्य शब्दांत पण लिहायचं.

मुलाखत. तुझ्या हातात तास आहे म्हणतेस, तर त्यातला अर्धा तास घटनेच्या तपशिलात घालवू नकोस. नवीन एक्झामिनर हमखास इथे वाहवत जातात, त्यांना वाटतं सगळं खोदून काढलं म्हणजे तपासणी सखोल झाली. अगं, तिने क्लेमबरोबरच्या २१-०७८१ फॉर्मवर ते लिहिलेलंच असतं, लिहिताना चार रात्री झोपलेली नसते. ते आधी वाच आणि सांग की मी वाचलंय, तुम्हाला ते पुन्हा पहिल्यापासून सांगायची गरज नाही, मला फक्त एक-दोन गोष्टी स्पष्ट करून घ्यायच्यात. पीटीएसडीच्या पहिल्या निकषाला, म्हणजे तशी आघाताची घटना घडली होती का याला, जेवढं लागतं तेवढंच विचार. खरा वेळ दे तो 'आधी तुम्ही कशा होता, नंतर काय बदललं' याला. 'तक्रार का नाही केली' हा प्रश्न विचारायचा नाही, कधीच नाही, कुतूहल म्हणूनही नाही. त्याऐवजी विचार की त्यावेळी कोणाला काही सांगितलं होतं का, आईला फोन, मैत्रिणीला पत्र, कोणाशी बोलणं तोडलं का. यातून कित्येकदा अशी माणसं निघतात ज्यांची स्टेटमेंट कोणी घेतलेलीच नाहीत. बहीण म्हणते ती ख्रिसमसला घरी आली तेव्हा बाथरूमचं दार लावून तासन्‌तास बसायची. हे रिपोर्टमध्ये नोंदव, आणि बहिणीचं लेखी स्टेटमेंट अजून देता येतं, आपल्या रिप्रेझेंटेटिव्हला (क्लेममध्ये मदत करणाऱ्याला) विचारा, एवढं सांगायला हरकत नाही.

बसायच्या जागेचं बघ. दाराकडे जायची वाट तुझ्या खुर्चीने अडता कामा नये, खुर्ची कुठे ठेवायची ते त्यांना ठरवू दे. सुरुवातीलाच सांग की मी तुमची थेरपिस्ट नाही, हे व्हीएला जाणार आहे, थांबायचं असेल तेव्हा थांबू. आणि रँकने हाक मारू नकोस, आदर म्हणून 'सार्जंट' म्हणायला जाशील आणि समोरच्याला ज्याने त्रास दिला तोही सार्जंटच असेल. काय म्हणू ते विचार. व्हिडिओवर असेल तर घरात आत्ता कोण आहे, कोणाला ऐकू जातंय का, हे आधी. एका बाईंनी मला हळूच सांगितलं होतं की नवरा बाजूच्या खोलीत आहे आणि त्याला यातलं काही माहीत नाही, आम्ही तपासणी पुढे ढकलली.

विसंगतीबद्दल. तीन स्टेटमेंट असतात, तिन्हींत थोडा फरक असतो, आणि एक्झामिनर टपूनच बसलेला असतो. आधी 'छेडछाड' लिहिलं, दोन वर्षांनी 'अत्याचार' लिहिलं, म्हणजे खोटं? नाही गं, बहुतेक लोक असंच सांगतात, आधी जेवढं जिभेवर येतं तेवढं. महिना चुकतो, खोली नंबर चुकतो. मधला तुकडा आठवतच नाही. सपाट आवाजात, हसत हसत सांगणारेही असतात. मी बघते की गाभा तोच आहे का आणि बाकीचं आयुष्य त्याच्याशी जुळतं का. खोटं बोलणारे नसतातच असं नाही, असतात, पण लक्षणं फुगवली जातायत का हे बघणाऱ्या टेस्टचे आकडे वाचताना जपून, कारण लहानपणापासून ट्रॉमा सोसलेल्या लोकांचे ते स्केल खऱ्या त्रासामुळेही वर जातात. एका स्केलच्या जिवावर कोणाला ढोंगी लिहू नकोस. लोक म्हणतात ना, पैशासाठी येतात, तर माझं मत विचारशील तर दरमहा काही डॉलर मिळावेत म्हणून अनोळखी माणसापुढे हे सगळं बोलायला बसणं हा फार महागडा सौदा आहे.

लहानपणीच्या अत्याचाराचा मुद्दा येणारच, कारण सैन्यात येणाऱ्या बऱ्याच जणांच्या मागे तसा इतिहास असतो. आळशी ओपिनियन असं असतं: बालपणी अत्याचार झालेला, त्यामुळे आत्ताची लक्षणं त्याचीच. अगं थांब. भरतीच्या मेडिकलमध्ये मानसिक आजार नोंदवलेला नसेल तर कायदा तिला धडधाकट धरतो, आणि ते खोडायला साधा नाही, 'स्पष्ट आणि निर्विवाद' पुरावा लागतो. आणि दोन्हीची लक्षणं वेगळी काढताच येत नसतील, तर १९९८ च्या मिटलायडर निकालाप्रमाणे ती सेवेशी जोडलेल्या आजाराची धरायची. वेगळी काढता येत नसतील तर 'येत नाहीत' असं लिही, ओढूनताणून टक्केवारी पाडू नकोस.

निदान पीटीएसडीच असलं पाहिजे असंही नाही. नुसता शाब्दिक छळ असेल, धमकी किंवा शारीरिक काही नसेल, तर पीटीएसडीचा पहिला निकष बसत नाही, मग एक्झामिनर 'निदान नाही' लिहून मोकळा होतो. पण समोर दहा वर्षांचं डिप्रेशन दिसतंय ना? २००९ च्या क्लेमन्स निकालानंतर हे पक्कं आहे की माणूस पीटीएसडीचा क्लेम करतो तेव्हा तो त्याच्या त्रासाचा क्लेम करतो, आजाराचं नाव शोधणं हे आपलं काम. एमएसटी हे निदान नाहीच, तो अनुभव आहे.

पुरुषांचं विचारलंस. व्हीएमध्ये सगळ्यांनाच स्क्रीनिंगचा प्रश्न विचारतात, त्यात बायकांमध्ये साधारण तीनात एक आणि पुरुषांमध्ये पन्नासात एक हो म्हणतो, पण पुरुष सैनिकच इतके जास्त की प्रत्यक्ष डोकी मोजली तर पुरुषांची संख्याही खूप मोठी आहे. ते 'लैंगिक' हा शब्दच वापरत नाहीत. 'हेझिंग' म्हणतात, 'इनिशिएशन' म्हणतात, 'पोरांनी मस्ती केली' म्हणतात. नवीन पोराला पाचजणांनी धरून जे केलं ते एमएसटीच, पण त्याच्या डोक्यात ती फक्त नामुष्की असते. फाइलमध्ये मार्कर्स पण वेगळे दिसतात, मारामाऱ्या, न सांगता गायब होणं, आर्टिकल १५ (कमांडरने दिलेली शिस्तीची शिक्षा), दारू पिऊन गाडी चालवणं. म्हणजे शिस्तभंगाची फाइल, जी वाचून आपलं मत आधीच वाईट होतं. कधी त्यातूनच वाईट डिस्चार्ज (सैन्यातून बाहेर पडताना लागलेला प्रतिकूल शेरा) मिळालेला असतो आणि मग भरपाईचा हक्कच धोक्यात. तो डिस्चार्ज सुधारून घ्यायचा अर्ज करता येतो, २०१४ आणि २०१७ च्या पेंटॅगॉनच्या मेमोंनंतर पीटीएसडी आणि लैंगिक अत्याचाराच्या केसेस उदारपणे बघायच्या असं हे अर्ज बघणाऱ्या बोर्डांना सांगितलंय, तर रिप्रेझेंटेटिव्हकडे तेवढं वळवून दे. पुरुषांना मी सरळ विचारते, 'तुमच्या मनाविरुद्ध कोणी शरीराला हात लावला का', शब्द साधे, नजर कागदावर. आणि तुम्ही गे आहात का वगैरे प्रश्न कशालाच लागत नाही, तो विचारायचा नाही.

आता लिहिणं. ओपिनियनमध्ये निकाल द्यायचा नाही आणि पळही काढायचा नाही. त्या एअर फोर्सच्या केसला मी साधारण असं लिहीन: 'डिसेंबरआधी कामगिरी उत्तम होती. डिसेंबर ते एप्रिल या काळात लक्षणं नसताना गुप्तरोगाची तपासणी, खोली बदलण्याची व रात्रपाळीतून काढण्याची विनंती, वैद्यकीय कारण न सापडलेल्या तक्रारी आणि कामातील घसरण एकामागोमाग दिसते. दुसरं पटण्याजोगं कारण नोंदींत आढळत नाही. असा बदल क्लेमंटने सांगितलेल्या घटनेशी सुसंगत आहे, आणि माझ्या मते ही घटना घडली असण्याची शक्यता किमान ५० टक्के आहे. सध्याचा पीटीएसडी या घटनेशी संबंधित असण्याची शक्यताही किमान तेवढीच आहे.' मग प्रत्येक वाक्यामागचा कागद. दुसरं कारण असेल, म्हणजे त्याच महिन्यात वडील गेले असतील, तर तेही लिही आणि तरीही काय वाटतं ते का वाटतं ते लिही. मार्कर्स खरंच काही सापडले नाहीत तर तसं लिही, मी तुला प्रत्येकाला हो म्हणायला सांगत नाहीये. फक्त शोधून नाही म्हण.

फॉर्मवरच्या चौकटी आणि मजकूर जुळव बाई. मजकुरात 'घराबाहेर पडत नाही, दोनदा जीव द्यायचा विचार' आणि चौकटीत 'सौम्य', असले रिपोर्ट मी रोज बघते, आणि रेटर चौकट बघतो. अपंगत्वाचे टक्के आपण देत नाही हे खरं, पण कामावर आणि नात्यांवर किती परिणाम याची जी चौकट आपण निवडतो त्यावरच ते ठरतात. नोकरी आहे म्हणजे ठीक आहे असं नसतं, गोडाऊनमध्ये एकटीने रात्रपाळी करते, कारण तिथे पुरुष बॉस नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही. 'सकाळी उठलो नसतो तर बरं झालं असतं' एवढंच म्हणाला तरी तो आत्महत्येचा विचारच आहे, २०१७ च्या बँकहेड निकालाने हे स्पष्ट केलंय, आणि ते लक्षण ७० टक्क्यांच्या पातळीतलं आहे. त्यामुळे 'योजना नाही' म्हणून ते गाळू नकोस. चांगल्या दिवसाचं वर्णन ऐकून थांबू नकोस, वाईट आठवडा कसा असतो तेही विचार.

कंपन्यांचं काय, तर बहुतेक तपासण्या आता कॉन्ट्रॅक्टवाल्यांकडून होतात आणि पैसे तपासणीमागे मिळतात, तासामागे नाही. जाड फाइल वाचायला कोण बसणार? मला विचारशील तर सुधारणा करायची असेल तर ट्रेनिंगचे आणखी व्हिडिओ नकोत, एमएसटीच्या फाइल वाचनाचे वेगळे पैसे द्या आणि आपलं ओपिनियन नंतर अपिलात टिकलं की पडलं हे आपल्याला कळवा. आत्ता कोणी कळवत नाही, त्यामुळे चुकीचं लिहिणारा वर्षानुवर्षं चुकीचंच लिहितो. तुझ्यापुरतं, या केसेस दिवसाला एकापेक्षा जास्त घेऊ नकोस, आणि फाइल अर्धवट आली तर कंपनीला लेखी कळव की पर्सोनेल रेकॉर्ड नाही, परफॉर्मन्स रिपोर्ट नाहीत, त्याशिवाय ओपिनियन देता येणार नाही. कटकट करतात, करू दे.

एक्झामिनर बाई हवी की पुरुष हे ठरवण्याचा हक्क त्या क्लेमंटला आहे. त्याच २०२१ च्या कायद्यात आहे, एमएसटीशी संबंधित तपासणीसाठी क्लेमंट सांगू शकतो आणि व्हीएने ते मान्य करायचं. पुरुष क्लेमंटला पण हाच हक्क, आणि बऱ्याच पुरुषांना बाईच हवी असते. म्हणजे तुझ्या त्या केसमध्ये कंपनीने जे केलं ते चूक, तिला सांग की अपॉइंटमेंट बदलून मागा आणि व्हीएलाही फोन करा, नुसतं न जाणं करू नका, कारण गैरहजर असा शिक्का बसला की फाइल आहे त्या पुराव्यावर निकाली निघते.

आणि जाताना हातात द्यायचा एक कागद तयार ठेव. क्रायसिस लाइन, ९८८ लावून मग १. जवळच्या व्हीए हॉस्पिटलच्या एमएसटी कोऑर्डिनेटरचा नंबर, प्रत्येक ठिकाणी असतो. आणि ठळक अक्षरात हे, की एमएसटीमुळे आलेल्या त्रासावर व्हीएमध्ये उपचार फुकट मिळतात, त्यासाठी क्लेम मंजूर असावा लागत नाही, तक्रार केलेली असावी लागत नाही, कुठलाही पुरावा लागत नाही. कितीतरी जणांना वाटतं की क्लेम नाकारला म्हणजे उपचार पण बंद. तपासणीनंतरची रात्र वाईट जाते, तर घरी कोण आहे, गाडी कोण चालवणार, उद्या कामाला सुट्टी आहे का, हे विचारून मगच सोड.